बोटभर दगडाचं पाणी

१

“मीठ घातलंस की नाही, एवढंच सांग,” श्यामलानं तिसऱ्यांदा विचारलं.

“भाकरीत मीठ कोण घालतं गं? तुझ्या कॉलेजात घालत असतील.”

“मग ही खारट कशी?”

“तुझी जीभ खारट.”

तिनं ताट बाजूला सारलं. तोंडातला घास हातावर काढला आणि त्याच्याकडं बघत बसली.

“आक्का, दगड कुठं ठेवलायस?”

“सांगणार न्हाय.”

“मला दगड नकोय. फक्त कुठं आहे ते सांग.”

“नको असलेली वस्तू कुणी चारचारदा विचारत न्हाय, श्यामले. पयलं कागदावर माझं नाव घाल. तुझ्या नावाच्या शेजारी, तुझ्या त्या सरांच्या वर. मग दगड.”

“शोधनिबंध निघणारच नाही. मी तो लिहिणार नाही.”

“व्हय? का? आकडे माझे हाईत म्हणून?”

साल ब्याऐंशी, फाल्गुनातली दुपार. मंगळवार पेठेतल्या घरात आम्ही दोघी बहिणीच राहत होतो. मी अठ्ठावन्न वर्षांची, ती एक्केचाळीस. हे भांडण सांगायचं तर आधी दगडाचं सांगावं लागेल, आणि त्याच्याही आधी माझ्या तिच्यावर जळण्याचं. ते मी कधी लपवलं नाही, आताही लपवत नाही.

२

आमचे आप्पा विहिरी पाडायचे. खडक लागला की पहारीनं ठोकून, कान लावून सांगायचे, खाली पाणी आहे की नुसता घाम. मी परकर नेसत होते तेव्हापासून त्यांच्या मागं खड्ड्यात उतरायची. “थोरलीच्या हाताला पाणी हाय,” असं ते चारचौघांत म्हणायचे. शाळेत मात्र घातलं धाकटीला.

आई गेली तेव्हा श्यामला चार महिन्यांची आणि मी सतरा वर्षांची, नवरा वारल्यावर माहेरी आलेली. तिला मी वाढवलं. तिची पाटी पुसता पुसता अक्षरं शिकले, तिच्या पुस्तकांना वेष्टनं घालता घालता वाचायला. ती एम.एस्सी. झाली, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवू लागली, तिच्या तोंडातलं ‘हाय’ जाऊन ‘आहे’ आलं. लोक तिला मॅडम म्हणू लागले आणि मला ‘मॅडमच्या आक्का’.

कोयनेच्या भूकंपानंतर गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाद होता. धरणाचं पाणी खडकांच्या भेगांत शिरलं म्हणून जमीन हलली, असं कुणी म्हणायचं, कुणी त्याला वेड्यात काढायचं. मी श्यामलेची जाड इंग्रजी पुस्तकं खाली काढली. शेजारी शब्दकोश ठेवून एकेक ओळ फोडली, आप्पा खडक फोडायचे तशी. तीन वर्षं लागली. पण समजलं, आणि समजल्यावर ते इतकं सोपं निघालं की मला हसू आलं. खडक बाहेरून दाबला की त्याच्या भेगा मिटतात आणि पाणी अडतं. आतल्या पाण्याचा दाब वाढला की त्याच भेगा उघडतात. दोघांत जो वरचढ होईल त्याचं चालतं. समुद्राच्या बुडाशी जमिनीला जिथं चीर गेलेली असते, तिथं वरून मैलभर पाण्याचं ओझं असतं आणि आत पाणी कोंडलेलं असतं. ही रस्सीखेच हजारो वर्षं चालते. एखाद्या दिवशी आतलं जिंकतं आणि चीर सरकते.

हे मी श्यामलेला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरोबर आहे, आक्का. पण हे सगळ्यांना माहीत आहे.”

शेजारच्या तानाबाईला विचारलं. तिला माहीत नव्हतं.

३

एक्क्याऐंशीच्या कार्तिकात श्यामलेच्या जुन्या सरांनी एक दगड पाठवला. ते किनाऱ्यावर कुठल्याशा संस्थेत होते. समुद्रतळाच्या अशाच एका चिरेत जहाजावरून भोक पाडून काढलेला हा तुकडा. बोटभर लांब, राखाडी, साबणासारखा गुळगुळीत. किती दाबाला त्यातून किती पाणी जातं ते मोजायचं होतं. सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत, दर दोन तासांनी. कॉलेज पाचला बंद व्हायचं, म्हणून यंत्र आलं आमच्या घरी, आप्पांच्या हत्यारांच्या खोलीत. आणि आकडे लिहायला मी.

यंत्र म्हणजे उद्यमनगरातल्या लेथवर करून घेतलेली पोलादाची जाड नळी, दोन्ही टोकांना आट्यांची झाकणं. श्यामलानं दगड रबराच्या खोळीत घातला, तारेनं आवळला आणि नळीत सरकवला. एक हातपंप खोळीभोवती तेल दाबायचा, तो बाहेरचा दाब. दुसरा पंप दगडात आमच्या विहिरीचं गोडं पाणी ढकलायचा, तो आतला. दोन्ही दाब दाखवायला काट्याच्या दोन तबकड्या. दगडातून पाणी आलंच तर ते तांब्याच्या बारीक नळीनं काचेच्या मोजपात्रात पडायचं.

एकोणीस दिवस काही आलं नाही. श्यामला रोज कॉलेजातून आली की पंप मारून बघायची आणि चिडायची. विसाव्या दिवशी, रविवारी दुपारी मी पंप मारला आणि तांब्याच्या नळीला एक थेंब धरला.

“बघितलंस?” मी म्हणाले. “थोरलीच्या हाताला.”

ती हसली, पण नुसती ओठांनी. डोळे थेंबावर होते. ते डोळे बघून मला काय सुख झालं, ते मी सांगत बसत नाही.

मग मी जे केलं ते आमच्या घरातल्या कुठल्याही थोरलीनं केलं असतं. आप्पांच्या विहिरीला पहिलं पाणी लागलं की घरातली मोठी बाई खाली उतरायची, पाणी चाखायची, हळद-कुंकू वाहून खण-नारळानं ओटी भरायची आणि पाण्याला म्हणायची, “आलीस, बरं झालं. घर तुझंच हाय. ऱ्हा.” आईनं केलेलं मी पाहिलं होतं. आईनंतर आप्पांनी ते माझ्याकडंच ठेवलं, विधवा म्हणून कुणी तोंड उघडलं तर त्यालाच विहिरीवरून हाकललं. तीसेक विहिरींना मी ते म्हणाले असेन.

थेंब बोटावर घेऊन चाखला. खारट. समुद्राचा दगड, खारट असणारच. पोलादाला हळद-कुंकू लावलं, समोर तांदूळ, खण, नारळ मांडला, आणि तेच शब्द म्हणाले.

“आक्का, ही विहीर नाही,” श्यामला दारातून म्हणाली.

“पाणी हाय न्हवं?”

४

संक्रांतीपर्यंत दिवसाला पाच-सहा थेंब. सणाच्या आधी एक दिवस मी शाहूपुरीत श्यामलेच्या बांगड्यांना आणि तिळाला गेले होते. परत आले तर श्यामला कॉलेजातून लवकर येऊन खोलीत, हात कोपरापर्यंत तेलकट.

“खोळ सैल झाली होती. पुन्हा बांधली,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तपासलेल्या पेपरांचं पार्सल घेऊन पोस्टात गेली. मी तिळगूळ करत बसले.

आणि संक्रांतीनंतर पाणी वाढलं.

आधी वाटीभर, मग फुलपात्रभर. मी शिकलेल्या रीतीप्रमाणं बाहेरचा दाब चढवला, म्हणजे भेगा मिटाव्यात, पाणी कमी व्हावं. पाणी वाढलं. सगळे सांधे साबणाच्या फेसानं तपासले. तेलात पाणी मिसळलं का ते बघायला तेल तव्यावर तापवलं, तडतडलं नाही. शेवटी आतल्या पंपाचा दांडा तारेनं बांधून टाकला. आता दगडात काहीच जात नव्हतं. तरी दिवसभरात दोन तांबे भरले. बोटभर दगडातून. आणि ते पाणी तोंडात धरवत नव्हतं इतकं खारट. आम्ही दोन महिने त्यात गोडं पाणी घालत होतो, होतं नव्हतं ते मीठ केव्हाच धुऊन जायला हवं होतं.

मी घाबरले नाही. खरं सांगते, मी फुगले. वहीत प्रत्येक आकडा शाईनं लिहिला, एकही खोडला नाही. रोज संध्याकाळी श्यामला वही बघायची. दर वेळी पानावर जरा जास्त वेळ थांबायची आणि मग माझ्या तोंडाकडं बघायची. चोर पकडायला बसलेला माणूस बघतो तशी.

जळू दे, मी म्हटलं. चाळीस वर्षं मी जळले, आता तिची पाळी.

५

माघात माझ्या लक्षात आलं की पाणी सरळ वाढत नाही. दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. थेंब भराभर पडतात, मग थकतात, मग पुन्हा. आज सकाळी आठला चढलं तर उद्या नऊला दहा कमी असताना, परवा त्याच्याही पन्नास मिनिटं पुढं. मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ मागं पडतंय. गिरणीच्या भोंग्यावर रोज लावून बघितलं. घड्याळ बरोबर होतं.

पंधरा दिवसांची चढ-उतार मी आलेखाच्या कागदावर काढली. तशी सुंदर रेघ मी आजवर काढली नव्हती. संध्याकाळी ती श्यामलेपुढं ठेवली.

तिनं एकेक चढ बोटानं मोजला. मग उठली, कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली आणि पान उघडून आलेखाशेजारी ठेवली.

“यातून उतरवलंस ना?”

“काय हाय ते?”

“रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा. तुझा एकेक आकडा यात बसतो. आक्का, खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही. पहिल्यापासूनच सगळं मनानं लिहितेस ना?”

माझ्या कानात आग उतरली. “जल्मात समुद्र बघितला न्हाय मी! भरती कवा येती नि कवा जाती मला काय ठावं?”

“तुला सगळं ठाऊक असतं. तू सगळं वाचतेस.”

ही माझी आयुष्यातली पहिली शाबासकी. ती अशी मिळाली, खोटारडी ठरवताना.

“मग बस की तूच,” मी म्हणाले. “दिवसभर बस खोलीत. एक डाव तरी तुझ्या डोळ्यांनी बघ.”

तिनं पुस्तिका मिटली आणि पुन्हा तेच पान उघडलं. मी ते बघितलं आणि मनात हसले.

६

ती रविवारी बसली. दार आतून लावून घेतलं.

यंत्राच्या खोलीच्या दाराबाहेर मी. स्वयंपाक केला, केर काढला, पुन्हा केर काढला. मधे तानाबाई भांडायला आली.

“तुमच्या भिंतीनं लोणा धरलाय, आक्का. माझ्या बाजूला मूठमूठ मीठ पडतंय. चुना लावा न्हायतर मी मिठाचं दुकान टाकते.”

“टाक की. नाव माझं दे.”

“आणि तुमच्या न्हाणीची पायरी नीट करा. परवा घागर मागायला आले तर अंगठा फुटला माझा. कोपरा उडालाय.”

मी जाऊन बघितलं. काळ्या दगडाच्या पायरीचा कोपरा खरंच नव्हता. हंडा आपटला असेल. या खडकातून पाणी जात नाही, तो फुटतोही असा सहजी नाही, पण तेव्हा माझं ध्यान दाराकडं होतं.

अकराच्या सुमाराला दाराला कान लावला. थेंब वेगानं पडत होते. भरतीची वेळ. मला मत्सरानं घाम फुटला: तिच्यासाठीही पडतायत! मी हात लावल्याशिवाय, मी खोलीत नसताना. मला उगीच वाटत होतं की ते माझंच आहे, माझ्याच शब्दाला आलंय.

“जा,” आतून श्यामला म्हणाली. हळूच, विनवल्यासारखं. “जा ना.”

दार बंद होतं. मी अनवाणी होते, श्वाससुद्धा धरला होता. तरी मला वाटलं, मलाच म्हणाली. दुसरं कुणाला म्हणणार?

पाचला ती बाहेर आली. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता.

“यंत्र बंद करायचं, आक्का. आणि आपण महिनाभर कळंब्याला तात्याकाकांच्या मळ्यावर राहायला जाऊ.”

“का म्हून?”

तिनं तोंड उघडलं. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं. मग माझ्याकडं बघून तिनं ते गिळलं.

“मला बरं वाटत नाही,” ती म्हणाली.

मी काय ओळखायचं ते ओळखलं. मला मळ्यावर बसवायचं. मागं सर येणार, यंत्र नेणार, वही नेणार. छापलेल्या कागदावर दोन नावं, त्यांत माझं नाही.

७

बुधवारी ती कॉलेजात गेल्यावर मी तेलाचा दाब उतरवला आणि यंत्र उघडलं.

भर बारा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलेलं, बाहेर कल्हईवाला ओरडत होता. दोन्ही झाकणं काढून ठेवली. खोळ ओढून बाहेर घेतली. तारा तशाच घट्ट होत्या, सोडल्या नाहीत. ते काम श्यामलेचं, दगड बिघडला असता. खोळ हाताला गार लागली, जड लागली.

मग नळी साफ आहे का बघावं म्हणून उचलून डोळ्याला लावली. पलीकडं भिंत दिसायला हवी होती, तिच्यावर आप्पांची पहार.

काळं दिसलं.

मला वाटलं पलीकडचं झाकण राहिलं. पण दोन्ही झाकणं टेबलावर होती, शेजारी शेजारी. नळी हातभर लांब. हे काळं हातभर नव्हतं. त्यातून गार हवा डोळ्याला लागत होती, आणि तिला खोल विहिरीच्या तळाचा वास नव्हता, दुसराच होता. मग त्या काळ्यात फार लांबवर काहीतरी राखाडी सरकताना दिसलं. डावीकडून उजवीकडं. सरकत होतं. बराच वेळ सरकत होतं, संपतच नव्हतं. आणि मला कळलं की ते लहान दिसतंय, कारण ते फार लांब आहे.

मग ते थांबलं.

नळी माझ्या हातातून टेबलावर आपटली. पुन्हा उचलून बघायला मला पन्नास आकडे मोजावे लागले. पलीकडं भिंत होती, चुना, पहार.

मला उपास होता. बुधवार असला तरी सोळा सोमवारांचा एक चुकलेला मी त्या दिवशी भरत होते, आणि पोटात चहाखेरीज काही नव्हतं. उपाशी बाईला भोवळ येते, डोळ्यांपुढं काळं येतं. हे मी स्वतःला सांगितलं आणि पटवलं. मग खोळ जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात, पार तळाशी पुरली आणि वर झाकण दाबलं. दगड माझ्याकडं असेपर्यंत नाव मागता येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. भीती त्याच्या खाली होती. तिला मी वर येऊ दिलं नाही.

गुरुवारी सकाळी पीठ दमट लागलं, गोळे गोळे झालेलं. जोंधळ्याचं पीठ फेकून देणारी बाई मी नव्हे. परातीत घेतलं तर मळायला पाणी घालावंच लागलं नाही.

श्यामला त्या दिवशी कॉलेजात गेली नव्हती; दुपारी त्याच भाकरीवरून आमचं जुंपलं.

८

“आकडे तुझे आहेत, मान्य,” श्यामला म्हणाली. ताट अजून तसंच पडलं होतं. “एकही खोटा नाही, तेही मान्य. मी तुझ्यावर आळ घेतला. पाया पडते. पण दगड कुठं आहे ते सांग.”

“पाया पडू नगं. नाव घाल.”

“कशावर घालू? असा कागद कुणी छापेल?”

“तुझा असता तर छापला असता!” मी ओरडले. “तुला बघवंना झालंय. मॅडमला एकोणीस दिवस थेंब घावला न्हाय आणि अडाणी बहिणीनं समुद्र आणला घरात. म्हून बंद करायचं. म्हून मळ्यावर चला.”

ती माझ्याकडं नव्हे, माझ्या मागं बघत होती, मागच्या खोलीकडं.

“यंत्र तू उघडलंस ना?”

“व्हय. झाकणं टेबलावर हाईत.”

“मग हा आवाज कसला?”

मी ऐकला. टप. टप. टप. दोन वाजून गेलेले. पुस्तिकेत आज भरती अडीचची होती, मला पाठ झालं होतं.

“न्हाणीतला नळ.”

“नळाला चारला पाणी येतं, आक्का.”

“तर मग यंत्रात राहिलेलं असंल. घाबरतीस कशाला? तू शिकलेली न्हवं?” माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी उठले, पिठाचा डबा ओढून पुढं घेतला, झाकण उघडलं. पिठाचा चिखल झाला होता. कोपरापर्यंत हात घालून मी खोळ बाहेर काढली. दोन्ही टोकांनी ती गळत होती, माझ्या मनगटावरून, कोपरावरून, जमिनीवर.

“बघ! हितनं येतंय सगळं. ह्यो समुद्राचा दगड हाय, त्याला समुद्राची ओढ असणारच. भरतीला भरती, ओहोटीला ओहोटी. ह्यात भ्यायचं काय? दगड घरात हाय तवर पाणी येणार, दगड गेला की जाणार. आणि ह्यो माझ्या हातनं आलाय, मी ओटी भरून घेतलाय ह्याला. तू घेऊन जायला बघतीस. न्हाय देणार!”

श्यामला एकेक पाऊल मागं सरकत भिंतीला टेकली. तिच्या पाठीमागं चुन्याचा पोपडा सुटून खाली पडला आणि आतून भिंत ओली, पांढरी दिसली. तिनं पदर तोंडावर धरला, मग काढला. लहानपणी काही फोडलं की माझ्यापुढं उभी राहायची तशी उभी राहिली.

“आक्का, तू आकडे खोटे लिहितीस का बघायला मी समुद्राचा दगड संक्रांतीलाच परत पाठवला, त्या खोळीत आपल्या न्हाणीच्या पायरीचा टवका हाय.”